आधी पाठ बघ

शनिवारी एल्बेकाठच्या जुन्या बाजारात, आल्बर्ट पुलाजवळ, एखादी चिनी मातीची बाहुली आवडली तर तिचा चेहरा नंतर बघ. आधी तिला फिरवून पाठ बघ. चेहरा सगळेच मन लावून रंगवतात. पोलक्याची नाडी मागे बांधलेली दिसते का, अंबाडा घडवलाय का, घागऱ्याच्या चुण्या मागपर्यंत गेल्यात का, ते बघायचं. पाठ सपाट असेल किंवा नुसती पांढरी सोडून दिलेली असेल, तर ती बाहुली भिंतीला टेकून उभी राहायला जन्मलीय. ती शेगडीवरच्या फळीची, तुझ्या डायनिंग टेबलाची नव्हे. टेबलावर तिच्या चारी बाजूंना माणसं बसतात. आठ जण जेवायला असले तर चौघांना चेहरा दिसणार आणि चौघांना पाठ. त्या चौघांनी काय पाप केलंय?

हे माझं शहाणपण नाही. या सॅक्सन घरात सून म्हणून आले तेव्हा सासूबाईंनी शिकवलं, आणि त्यांना त्यांच्या आईने. आता तू ड्रेस्डेनला नोकरीला आलीस, घर मांडलंस, आणि माणसांना जेवायला बोलवायचं म्हणतेस, तर तुलाही सांगून ठेवते.

इंग्लंडच्या बाहुल्या घेताना तर फारच सांभाळ. चेल्सी, बो, डर्बी इथल्या १७६० च्या आसपासच्या कितीतरी बाहुल्यांच्या मागे पानाफुलांचं झुडूप उभं केलेलं असतं. समोरून गोड दिसतं, पण पलीकडच्या पाहुण्याला नुसतं झुडूपच दिसतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले स्टॅफर्डशरचे कुत्रे आणि मेंढपाळ तर उघडउघड सपाट पाठीचे. आवडले तर जरूर घे, फळीवर ठेव.

माइसेनच्या जुन्या बाहुल्या बहुतेक चारी बाजूंनी पुऱ्या असतात, कारण त्या टेबलासाठीच घडल्या. ही गोष्ट समजली की पुढचे सगळे नियम आपोआप कळतात, म्हणून सासूबाई आधी ती सांगायच्या आणि मगच कपाटाची किल्ली द्यायच्या.

युरोपातल्या दरबारी मेजवान्यांत शेवटचं पान गोडाचं. त्या वेळी टेबलाच्या मधोमध साखरेची आरास उभी राहायची. साखरेत डिंक मळून त्याचे देव, देवळं, बागा, प्राणी करायचे. शिवाय मार्झिपान, मेण. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात ना, त्याच जातीचा हा प्रकार, फक्त राजाच्या खर्चाने. पण साखर दमट हवेत पाझरते, पिवळी पडते, पुढच्या मेजवानीला पुन्हा सगळं नव्याने करावं लागतं. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१० मध्ये माइसेनला कारखाना काढला, युरोपातला खऱ्या पोर्सिलेनचा पहिला. १७३१ मध्ये तिथे योहान योआखिम केंडलर हा शिल्पकार आला, दोन वर्षांत मूर्तिकामाचा प्रमुख झाला, आणि १७७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. त्याने आणि त्याच्या हाताखालच्या एबरलाइन, रायनिके यांनी साखरेच्या जागी पोर्सिलेनची अख्खी प्रजा उभी केली. एकदा साचा झाला की हवी तेवढी माणसं काढा. पाझरत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कामाला येतात.

म्हणून तर काउंट ब्र्यूलच्या वाड्यात या बाहुल्या दिवाणखान्याच्या सामानात नव्हत्या, त्यांची नोंद मिठाई बनवणाऱ्या खात्याच्या यादीत होती. हा ब्र्यूल सॅक्सनीचा सर्वेसर्वा मंत्री, आणि कारखानाही त्याच्याच देखरेखीखाली. ज्याच्यासाठी १७३७ ते १७४२ मध्ये हंसांच्या नक्षीची २,२०० हून जास्त भांडी बनली, तोच. त्याच्याकडच्या एका मेजवानीचं वर्णन इंग्रजांचा इथला राजदूत सर चार्ल्स हॅनबरी विल्यम्स याने लिहून ठेवलंय. एका टेबलाला २०६ माणसं, मधोमध रोमच्या पियाझ्झा नाव्होनातल्या कारंज्याची आठ फूट उंच प्रतिकृती, आणि त्यातून सतत गुलाबपाणी वाहतंय. आपण बागेत आहोत की ऑपेरात हेच त्याला कळेना. पुढे १७५३ मध्ये लंडनला लेखक होरेस वॉलपोल कुरकुरला की जेली, बिस्किटं, क्रीम सगळं मागे पडलं आणि टेबलावर सॅक्सन पोर्सिलेनचे विदूषक, नावाडी, तुर्क, चिनी नि मेंढपाळणी येऊन बसल्या. कुरकुर खरी, पण फॅशन किती पसरली होती ते त्यावरूनच कळतं.

यातून पहिला नियम निघतो. बाहुल्या गोडाबरोबर येतात. सूप, रस्सा, वाढप चालू असताना त्यांना मध्ये आणू नकोस. वाफ, तेल, आणि पलीकडून मीठ मागणारे हात, या तिन्हीत त्यांचं काम नाही. आमच्या घरी तर त्या रविवारी दुपारच्या कॉफी-केकलाच निघायच्या. आयरशेके या इथल्या केकचे तुकडे, कॉफीचे कप, मध्ये बाहुल्या. जेवणाचा बेत असेल तर ताटं उचल, टेबल पूस, मग मांड. पाहुण्यांना तेवढा वेळ पाय मोकळे करू दे, तेही खूश होतात. टेबलावर सगळ्यात शेवटी बाहुली ठेवायची आणि आवरताना सगळ्यात आधी ती उचलायची. टेबलक्लॉथ ओढून झटकणारा एक तरी उत्साही मदतनीस प्रत्येक घरात असतो.

उंचीचा नियम हाताने मोजायचा. खुर्चीवर बस, कोपर टेबलावर टेक, मूठ हनुवटीशी आण. बाहुलीचं डोकं मुठीच्या वर जाता कामा नये. समोरच्याचे डोळे दिसले नाहीत तर गप्पा होत नाहीत, माणसं मान वाकडी करकरून बोलतात. टेबलासाठी केलेल्या बाहुल्या बहुधा बारा ते वीस सेंटिमीटरच्या, त्यामुळे अडचण येत नाही. ब्र्यूलचं आठ फुटी कारंजं विचारू नकोस. २०६ माणसं एकमेकांशी बोलायला थोडीच आली होती!

खाली आरसा घाल. त्या काळी टेबलाच्या मधोमध लांबट आरशाची तबकं असायची, त्यांवर रंगीत साखर नाहीतर वाळू पसरून वाफे काढायचे आणि त्या बागेत बाहुल्या उभ्या करायच्या. तुला एवढं नको. काचवाल्याकडून वीतभर रुंदीची पट्टी कापून घे, कडा घासून घे. आरशात पाठीमागची बाजूही दिसते, एका बाहुलीच्या दोन होतात, आणि टेबल भरलेलं वाटतं. पण तळ काचेवर घसरतो, म्हणून तळाखाली फेल्टची बारीक चकती ठेव. चिकटवू नकोस, नुसती ठेव. तळ बऱ्याचदा बिनझिलईचा असतो, तो डिंकाचा डाग धरतो.

जोड्या फोडू नकोस. मेंढपाळ आणि मेंढपाळीण, माळी आणि माळीण, एकाचा कल डावीकडे तर दुसऱ्याचा उजवीकडे. जागा उलटल्या तर दोघं भांडून बसल्यासारखी दिसतात. करून बघ, हसशील. केंडलरच्या मंडळींनी संचही पुष्कळ केले. चार ऋतू, चार खंड, पंचेंद्रियं, पॅरिसच्या रस्त्यांवर ओरडत माल विकणारे फेरीवाले. खंडांच्या संचात आशियाबरोबर उंट, अमेरिकेबरोबर मगर. संच पुरा मिळेलच असं नाही. तीनच ऋतू मिळाले तर चौथ्या जागी दुसऱ्या कुळातली बाहुली घालू नकोस, जागा मोकळी सोड. कुठला ऋतू नाही हे ओळखण्यात पाहुण्यांची दहा मिनिटं मजेत जातात, आणि तोवर तुझी कॉफी होते.

तोंडं कुठे करायची? सगळ्यांची एकीकडे करू नकोस. बाहेरच्या कडेच्या बाहुल्या जवळच्या पाहुण्याकडे बघतील अशा ठेव, मधल्या एकमेकींकडे. नाटकी बाहुल्या असतील, म्हणजे इटालियन फार्सातला आर्लेकिन, पांतालोने, कोलोंबीन, तर त्यांना थोडं तिरकं ठेव. म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्गच्या कारखान्यात बुस्तेल्लीने या फार्सातली सोळा पात्रं केली. तो तिथे १७५४ ते १७६३, म्हणजे नऊच वर्षं होता, पण त्याच्या बाहुलीची कंबर, मान, हात असे वळलेले असतात की माणूस आपोआप तिच्याभोवती फिरतो. माझं मत विचारशील तर कौशल्यात केंडलरपेक्षा बुस्तेल्ली सरस. सासूबाईंसमोर हे बोलायची सोय नव्हती. त्या माइसेनच्या.

माकडांचा बँड मात्र केंडलरचाच बघावा. केसांचे टोप घातलेली माकडं, कुणाकडे बासरी, कुणाकडे तुतारी, गाणाऱ्या माकडिणी. १७५३ मध्ये ती पॅरिसला फ्रेंच राजाच्या लाडक्या मादाम द पोंपादूरकडेही पोचली होती. आजही माइसेनला बनतात. त्यांना रांगेत उभं करतात ते बघवत नाही. बँडमास्तर एका टोकाला, बाकीच्यांची तोंडं त्याच्याकडे, नाहीतर तो बँड कसला!

आता बिनझिलईच्या, पांढऱ्याशुभ्र बाहुल्या. फ्रान्समध्ये व्हँसेनला आणि पुढे सेव्रला १७५० नंतर त्या निघाल्या. फाल्कोने हा शिल्पकार १७५७ ते १७६६ तिथल्या मूर्तिकामाचा प्रमुख होता. झिलई नसल्यामुळे दुरून संगमरवर वाटतो, आणि साखरही. दिसायला देखण्या, पण आपल्या घरात त्यांचं कठीण. बोटाचा तेलकटपणासुद्धा त्या धरून ठेवतात, हळदीचं तर नावच काढू नकोस. आपण रस्सा वाढणारी माणसं. अशी बाहुली मिळालीच तर काचेच्या कपाटात, आणि टेबलासाठी झिलईची.

काही बाहुल्या हातात परडी, शिंपला, टोपली घेऊन बसलेल्या असतात. त्या शोभेच्याच नव्हेत, कामाच्या. त्यांत साखरेचे गोळे, पाकवलेले बदाम ठेवायचे. मी संक्रांतीला त्यांत हलवा ठेवते. इथल्या लोकांना काटेरी हलवा फार नवलाचा वाटतो, आणि बाहुलीलाही शोभतो. पण खाण्याचा पदार्थ थेट रंगावर ठेवू नकोस. जुन्या झिलईवरच्या रंगांत शिसं असायचं. खाली कागदी जाळी घाल. लिंबू, व्हिनेगर, चिवडा यांपैकी काहीही त्या परडीत नको. आंबटाने रंग बिघडतो, आणि सोन्याची रेघ घासून जाते ती कायमची.

उचलताना घड्याळ, बांगड्या, अंगठ्या काढ. एक हात तळाखाली, दुसरा पाठीला. हाताला, टोपीला, फुलांच्या गुच्छाला धरून उचलायचं नाही. ते भाग वेगळे घडवून ओल्या मातीने जोडलेले असतात आणि पहिल्यांदा तेच जातात. सुती हातमोजे घालू नकोस, झिलईवर ते सटकतात. धुऊन कोरडे केलेले हात बरे. पायामागे झाडाचं खोड का असतं हे तुझ्या मुलाने विचारलं तर सांग, भट्टीत १,३०० अंशांच्या वर माती मऊ पडते, दोन बारीक घोट्यांवर अख्खी बाई उभी राहू शकत नाही. ती कोसळू नये म्हणून मागे खोड, नाहीतर खडक. आणि भाजताना बाहुली साधारण एक षष्ठांश आटते. माइसेनच्या कारखान्यात पाहुण्यांना कामाचं प्रात्यक्षिक दाखवतात, ते मुलाला दाखवून आण.

धूळ झटकायला मेकअपचा नवा मऊ ब्रश. कापूस नको, त्याचे धागे बाहुलीच्या बोटांत अडकतात आणि ओढताना बोट तुटतं. धुवायचीच झाली तर प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथर, कोमट पाणी, साबणाचा एक थेंब. स्टीलच्या सिंकमध्ये नाही, डिशवॉशरमध्ये तर स्वप्नातही नाही. सांधलेली बाहुली पाण्यात बुडवायची नाही, नुसत्या ओल्या ब्रशने पुसायची. तळाला किंवा मागे एक भोक दिसेल, ते भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेलं असतं. त्यातून पाणी आत जातं आणि चार दिवसांनी आरशावर ओघळतं, म्हणून धुतल्यावर भोक खाली करून रात्रभर ठेव. मेणबत्तीचं मेण सांडलं तर सुरी लावू नकोस. गार होऊ दे, नखाने निघेल तेवढं काढ, उरलेलं कोमट पाण्याच्या बोळ्याने.

झालरीच्या घागऱ्याच्या नर्तकी तुला आवडतात हे मला माहीत आहे. खरी लेस पातळ मातीत बुडवून बाहुलीला नेसवतात, भट्टीत धागा जळतो आणि मातीची जाळी उरते. फुंकर मारून धूळ काढायची आणि हात लावायचा नाही. टेबलावर अजिबात नको. रुमाल जरी घासला तरी घागऱ्याचा तुकडा केकमध्ये पडतो.

विकत घेताना तळाच्या निळ्या तलवारी बघून भाळू नकोस. तलवारींची फुली माइसेनने १७२० च्या दशकात सुरू केली, आणि नक्कल करणारेही लवकरच आले. पॅरिसच्या साँसोंच्या कारखान्याने तर एकोणिसाव्या शतकात सगळ्यांच्याच नकला केल्या. तलवारींवर आडवे ओरखडे असतील तर तो कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला माल. घ्यायला हरकत नाही, पण पैसे तसेच दे. विक्रेता ‘ड्रेस्डेन’ म्हणाला तर विचार, कुठलं? इंग्रज माइसेनलाच ड्रेस्डेन म्हणत, आणि ड्रेस्डेन शहरात दुसऱ्यांची पांढरी भांडी आणून रंगवणारे कारागीरही पुष्कळ होते. तळाचा चौथरा बघ. साधा मातीचा उंचवटा आणि त्यावर चिकटवलेली फुलं-पानं ही जुनी पद्धत, सोनेरी वळणांचा चौथरा १७५० च्या सुमारापासून. अर्थात पुढे सगळेच दोन्ही करत राहिले, त्यामुळे यावर पैज लावू नकोस.

सांधलेली आहे का हे ओळखायला बोटं, मान, टोपीची कड आणि शस्त्रं बघ. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी मिळते, तिच्या उजेडात नवा रंग बहुधा वेगळा चमकतो. सासूबाईंकडे बॅटरी नव्हती, त्या सरळ दात लावायच्या. झिलई दाताला थंड आणि कडक लागते, दुरुस्तीचा रंग मऊ. बाजारातल्या बाहुलीला दात लावायला मी तुला सांगणार नाही, पण खोटंही सांगत नाही. आणि सांधलेली म्हणून टाकून देऊ नकोस. अडीचशे वर्षांची बाई, दहाही बोटं शाबूत असतील तर मलाच जास्त शंका येते. सांधलेली स्वस्त मिळते आणि टेबलावर जीव घाबरत नाही.

तुटली तर ओरडू नकोस, पाहुणा आधीच लाजेने मेला असतो. टेबलक्लॉथ झटकायच्या आधी केकच्या चुऱ्यातून सगळे तुकडे वेच, तांदळाएवढे असले तरी. प्रत्येक तुकडा वेगळ्या टिश्यूत गुंडाळ. बसतो का बघू म्हणून तुकडे पुन्हा पुन्हा जुळवायचे नाहीत, कडा घासल्या की सांधा कधीच बसत नाही. आणि झटपट चिकटवायचा डिंक लावू नकोस. ते काम दुरुस्ती करणाऱ्याचं, त्याला आधी तुझा डिंक काढायला लागतो आणि त्याचे पैसे तो वेगळे घेतो.

तुझ्या जेवणासाठी माझ्याकडची माळी-माळिणीची जोडी ने. पिशवीत उभी ठेवू नकोस. आडवी, मऊ कागदाच्या गादीवर, मानेखाली आणि घोट्याखाली आधार, पण हात आणि कमरेच्या मधल्या फटीत कागद ठासायचा नाही, हात तिथेच मोडतो. दोघांना वेगवेगळ्या डब्यांत. ट्रॅममध्ये डबे मांडीवर. आणि सोमवारपर्यंत परत आण, मंगळवारी माझ्याकडे कॉफीला माणसं आहेत.